मायामी येथील कुटुंब अध्ययन केंद्र : एका संस्थेचा वृत्तांत

स्मरणिकेसाठी लिहिलेला संस्थेचा इतिहास बहुधा कोनशिलेपासून निघतो आणि देणगीदारांच्या नामावळीपाशी येऊन थांबतो. ज्या संस्थांचे कार्य चार भिंतींच्या आत चालते त्यांच्या बाबतीत तो क्रम उचितही असतो. परंतु अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, मायामी विद्यापीठाच्या मनोविकार विभागाच्या आश्रयाने, १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘स्पॅनिश कुटुंब मार्गदर्शन केंद्र’ या नावाने जी लहानशी संस्था उभी राहिली, आणि पुढे ‘कुटुंब अध्ययन केंद्र’ या नावाने जिचा लौकिक कुमारवयीन मुलांच्या व्यसनोपचाराच्या क्षेत्रात दूरवर पसरला, तिचा वृत्तांत या क्रमाने सांगता येण्याजोगा नाही. कारण ज्यांच्यासाठी तिने आपले दार उघडले होते, ती माणसे त्या दारातून आत येतच नव्हती, आणि ती का येत नाहीत याचा धीराने घेतलेला शोध हाच या संस्थेच्या कार्याचा कणा होऊन बसला.

केंद्राची भूमिका थोडक्यात सांगावयाची तर ती अशी. मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्या मुलास घरापासून तोडून कोठे दाखल करावयाचे नाही. त्याची शाळा, त्याची गल्ली, त्याचे अंथरूण जेथे आहे तेथेच असू द्यावयाचे. आठवड्यातून एकदा त्याने आणि त्याच्या घरच्या सर्वांनी तास-दीड तासाच्या बैठकीसाठी एकत्र यावयाचे. आणि त्या घरातील माणसांच्या परस्परांशी वागण्याच्या ज्या सवयी त्या व्यसनाला नकळत आधार देत असतील, त्या सवयींवर उपचार करावयाचा. बाह्यरुग्ण पद्धतीचा हा आग्रह काटकसरीपोटी जन्मला नव्हता. रुग्णालयातून शुद्ध होऊन परतलेला मुलगा जर त्याच घरात, त्याच तंट्यांत आणि त्याच मौनांत परत येणार असेल, तर मधल्या काळात घरात काहीच बदलले नाही ही गोष्ट त्याच्या शुद्धीला फार काळ टिकू देणार नाही, हा त्यामागील विचार होता.

पार्श्वभूमी

या विचाराची भूमी समजून घ्यावयाची तर फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून सुमारे नव्वद मैलांवर असलेल्या क्यूबा बेटाकडे वळले पाहिजे. १ जानेवारी १९५९ रोजी तेथील हुकूमशहा बातिस्ताची राजवट कोसळली आणि फिदेल कास्त्रो यांचा अंमल सुरू झाला. त्यानंतर आरंभी जमीनदार, कारखानदार, डॉक्टर आणि वकील, आणि मागाहून दुकानदार, कारकून व कारागीर अशा क्रमाने त्या बेटावरील माणसे समुद्र ओलांडून मायामीस येऊ लागली. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या मुदतीत आईवडिलांवाचून एकटीच विमानात बसवून पाठविलेली मुले १४,००० हून अधिक भरली. आणि डिसेंबर १९६५ पासून एप्रिल १९७३ पर्यंत दोन्ही सरकारांच्या संमतीने ज्या विमानफेऱ्या चालल्या, त्यांनी अडीच लाखांहून अधिक माणसे या किनाऱ्यावर आणून सोडली. मायामीतील ‘फ्रीडम टॉवर’ या नावाने ओळखली जाणारी उंच इमारत, जी पूर्वी एका वृत्तपत्राची कचेरी होती, तीत १९६२ ते १९७४ या काळात निर्वासितांचे दप्तर चालले. नावनोंदणी, वैद्यकीय तपासणी आणि मदतीचे वाटप यांसाठी तेथे रांगेत उभे राहिलेल्या कुटुंबांना आपला मुक्काम काही महिन्यांचाच आहे, हवानातील घराच्या किल्ल्या अजून आपल्याजवळ आहेत, असे प्रामाणिकपणे वाटत होते.

तो मुक्काम संपला नाही. मायदेशी वकिली केलेल्या गृहस्थांना हॉटेलांतून भांडी घासावी लागली, ज्या स्त्रियांनी पूर्वी कधी घराबाहेर चाकरी केली नव्हती त्या शिवणकामाच्या कारखान्यांत यंत्रांपुढे बसल्या. आणि शाळेत जाणारी मुले मात्र वर्ष-दोन वर्षांत इंग्रजी अस्खलित बोलू लागली. कचेरीत अर्ज भरावयाचा, घरमालकाशी बोलावयाचे, डॉक्टरला दुखणे सांगावयाचे, तर दुभाषी म्हणून मुलालाच पुढे करावे लागे. आणि ज्या घरात बारा-तेरा वर्षांचा मुलगा बापाचा मुखत्यार होतो, त्या घरात बापाच्या शब्दाला पूर्वीची किंमत राहत नाही, हे कोणी मुद्दाम ठरवून घडवून आणलेले नसले तरी घडल्यावाचून राहत नाही. नव्या मुलखातील शाळा, तेथील मोकळे स्नेहसंबंध, मोटारगाड्या, नाचगाणी आणि त्यांच्या पाठोपाठ सहज हाताशी येणारा गांजा व शामक गोळ्या यांनी मुलांना एकीकडे ओढले. भयभीत झालेल्या आईवडिलांनी हवानातील जुना कडक शिस्तीचा कायदा दुसरीकडून अधिकच आवळला. आणि या ओढाताणीत जी मुले सुटून बाहेर पडली, त्यांपैकी कित्येक पोलिसांच्या आणि बालन्यायालयांच्या दप्तरांत दाखल होऊ लागली.

स्थापना आणि पहिली पाहणी

१९७२ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने मादक पदार्थांच्या दुरुपयोगाविषयी स्वतंत्र कायदा करून उपचारासाठी पैसा मंजूर करण्यास आरंभ केला, आणि १९७४ साली याच विषयाच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. मायामीचे केंद्र याच वर्षांतील आहे. स्वतः क्यूबातून आलेले मानसशास्त्रज्ञ होसे शापोच्निक हे त्याचे प्रमुख सूत्रधार. आरंभीच्या कार्यात मर्सेडिस स्कोपेटा, मारिया आरानाल्दे आणि विल्यम कर्टिनेस यांची, आणि पुढे आंखेल पेरेस-विदाल, ओल्गा हेर्विस, दानिएल सांतिस्तेबान इत्यादींची त्यांना साथ मिळाली.

उपचारास हात घालण्यापूर्वी या मंडळींनी जी पहिली गोष्ट केली ती आजही अनुकरणीय वाटावी अशी आहे. त्या काळी प्रचलित असलेली मनोविश्लेषणाची रीत, जीत उपचारक शक्य तितका अबोल राहतो आणि रुग्ण एकटाच आपल्या अंतरंगाचा शोध घेत बसतो, ती क्यूबन कुटुंबांना मानवते की नाही, हे त्यांनी गृहीत धरले नाही. त्याची पाहणी केली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसून आले, की क्यूबन माणसे नात्यांतील वडील-धाकटेपणाचा क्रम मानतात, दूरच्या भविष्यापेक्षा समोरच्या अडचणीला अधिक महत्त्व देतात, आणि परिस्थिती आपल्या हातात आहे असे सहसा धरून चालत नाहीत. याचा व्यावहारिक अर्थ असा काढला गेला, की उपचारकाने घरातील वडीलधाऱ्या सल्लागाराप्रमाणे पुढाकार घ्यावा, एकट्या मुलाऐवजी सगळ्या कुटुंबाला सामोरे जावे, आणि बालपणीच्या स्मृती उकरीत बसण्याऐवजी आज घरात पेटलेल्या प्रश्नापासून आरंभ करावा. रुग्णांनी शास्त्राच्या सोयीने बदलावे अशी अपेक्षा न करता शास्त्राला रुग्णांच्या रीतीभातींशी जुळवून घेण्याची ही तयारी, त्या काळच्या विद्यापीठीय वातावरणात, सामान्य नव्हती.

दुसरी पाहणी भाषा, खाणेपिणे, सणवार आणि मैत्री यांच्या मोजमापाची होती. नव्या समाजाच्या चालीरीती आत्मसात करण्याचा वेग तरुणांत वृद्धांपेक्षा अधिक आणि पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक असतो, असे तीत आढळले. म्हणजे एकाच छताखाली आई आणि मुलगा दरवर्षी एकमेकांपासून थोडे थोडे दूर जात होते. मुलगा मोठा होताना आईबापांशी करतो तो तंटा सर्व देशांत सनातन आहे. परंतु येथे त्या तंट्याने दोन संस्कृतींच्या कलहाचा वेष धारण केला होता, आणि त्यामुळे स्वातंत्र्य मागणारा मुलगा आईच्या दृष्टीने परका आणि शिस्त लावणारी आई मुलाच्या दृष्टीने मागासलेली ठरत होती. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात, जी मुले दोन्ही भाषांत आणि दोन्ही समाजांत सहजपणे वावरत त्यांचे जीवन अधिक स्वस्थ असल्याचे दिसून आले; आणि त्यावरून केंद्राने १९८०च्या दशकात कुटुंबांसाठी द्विसांस्कृतिक शिक्षणाच्या बैठकी सुरू केल्या, ज्यांत संस्कृतींचा कलह हाच घरातील रोगी म्हणून समोर बसविला जाई, आणि आईबापांनी अमेरिकन रीतींतील व मुलांनी क्यूबन रीतींतील काय घेण्याजोगे आहे याचा एकत्र विचार करावा, अशी योजना असे.

घराघरांत चाललेला हा वाद त्याच सुमारास शहराच्या सभागृहातही चालला होता. १९७३ साली मायामी ज्या परगण्यात मोडते त्या डेड परगण्याच्या कारभाऱ्यांनी तो द्विभाषिक म्हणून घोषित केला. १९८० साली एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांत क्यूबातील मारिएल बंदरातून नौकांनी सुमारे सव्वा लाख माणसे येऊन दाखल झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मतदारांनी तो द्विभाषिक ठराव रद्द केला. ज्या प्रश्नाचा निवाडा शहराला करता आला नाही, तो दर आठवड्याला एकेका कुटुंबाच्या मर्यादित क्षेत्रात सोडवीत बसणे हे केंद्राचे काम होते.

पद्धतीची जडणघडण

उपचाराची शास्त्रीय बैठक केंद्राने दोन ठिकाणांहून घेतली. अर्जेंटिनात जन्मलेले साल्वादोर मिनुचिन यांनी न्यूयॉर्कजवळील विल्टविक शाळेतील गरीब वस्त्यांमधल्या मुलांवर काम करीत असता कुटुंबाच्या रचनेचा सिद्धान्त मांडला होता, त्याचे पुस्तक १९६७ साली निघाले, आणि १९६५ पासून ते फिलाडेल्फिया येथील बालमार्गदर्शन चिकित्सालयाचे प्रमुख होते. त्यांच्यापासून ‘रचना’ घेतली. जे हेली यांनी उपचारकाने प्रत्येक पाऊल एका निश्चित हेतूने आणि प्रश्नाच्या रोखाने टाकावे असे प्रतिपादन केले होते. त्यांच्यापासून ‘डावपेच’ घेतले. या दोहोंच्या संयोगातून बारा ते सोळा बैठकींत आटोपणारी जी पद्धती तयार झाली, तिला ‘अल्पकालीन धोरणात्मक कुटुंबोपचार’ असे नाव पडले.

तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, कुटुंबात मिसळण्याची. उपचारक घरच्या प्रत्येकाशी त्याच्या मानाप्रमाणे बोलतो, आजीला अगोदर नमस्कार करावयाचा असल्यास अगोदर तिलाच करतो, आणि चिडलेल्या मुलाला ‘तुझे म्हणणे काय’ असे सर्वांसमक्ष विचारतो. घराने त्याला आपला म्हणून स्वीकारल्यावाचून त्याच्या सूचनेला काही वजन येत नाही. दुसरी पायरी निदानाची. येथे उपचारक प्रश्न विचारून माहिती गोळा करण्यापेक्षा घरातल्यांना आपापसांत बोलावयास लावून पाहत बसतो. आई मुलाविषयी उपचारकाशी बोलू लागली तर ‘हे आपण त्यालाच सांगा’ असे म्हणून तो खुर्ची मागे घेतो. मग घरी जे रोज घडते तेच समोर घडू लागते. आई रागावते, बाप छताकडे पाहतो, थोरली बहीण मध्ये पडून विषय बदलते, आणि मुलगा मुकाट बसून राहतो. मतभेद मुळातच नाकारणे, तो टाळणे, एका वादातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात घसरत जाणे, वाद पुरता बाहेर काढूनही निकालाला न नेणे, आणि क्वचित निकालाला नेणे, अशा पाच प्रकारांनी कुटुंबे आपले तंटे हाताळतात असे केंद्राच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. व्यसनी मुलांच्या घरांत पहिल्या चारांचा भरणा असतो आणि पाचव्याचा अभाव.

निदानाचे इतर निकषही असेच व्यवहारातील आहेत : घरात निर्णय कोण घेतो, आईबाप एकमेकांच्या बाजूने उभे राहतात की मुलाला आपल्या पक्षात ओढतात, माणसे एकमेकांत इतकी गुंतली आहेत का की एकाने श्वास घेतला तर दुसऱ्याला विचारावे लागते, की इतकी तुटली आहेत की मुलगा दोन दिवस घरी न आल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. तिसरी पायरी फेररचनेची. मुलावर ओरडणाऱ्या आईच्या रागाखाली जी धास्ती असते ती उघड करून दाखवावयाची, म्हणजे मुलाला प्रथमच आईचा राग सोडून तिचे भय दिसते. बापाला आजवर ज्या कामातून वगळले गेले होते ते काम, समजा रात्री परतण्याची वेळ ठरविण्याचे, त्याच्या हाती द्यावयाचे. आणि थोरल्या बहिणीला प्रतिआईच्या ओझ्यातून मोकळे करावयाचे. गांजाचा किंवा गोळ्यांचा विषय बैठकीत निघत नाही असे नाही. परंतु मुलाने तो सोडावा हा उपदेश उपचारकाच्या मुखातून क्वचितच ऐकू येतो. तो उपदेश आईबापांनी एकमुखाने आणि शांतपणे करावा, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचा अधिकार व बळ त्यांना परत मिळावे, याची तजवीज करण्यात त्याची सारी विद्या खर्ची पडते.

न येणाऱ्यांचा प्रश्न

एवढी पद्धती सिद्ध झाल्यावर एक मोठी अडचण उरली. कुटुंबोपचारासाठी कुटुंब लागते, आणि कुटुंब येत नव्हते. दूरध्वनी करणारी व्यक्ती बहुधा आई असे. ती सांगे की मुलगा यावयास तयार नाही, नवरा म्हणतो हे बायकांचे काम आहे. आणि रूढ पद्धतीनुसार कचेरीतील माणूस तिला सांगे की सर्वांना घेऊन या, मग पाहू. ती पुन्हा कधी दिसत नसे. ज्या कुटुंबाला उपचाराची गरज सर्वांत अधिक, तेच कुटुंब एकत्र येण्यास सर्वांत असमर्थ, अशी ही विपरीत स्थिती सर्वत्र होती. आणि चिकित्सालये तिची नोंद ‘रुग्णाची अनिच्छा’ या सदराखाली करून मोकळी होत.

शापोच्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद बदलली. त्यांनी असे प्रतिपादन केले, की जे नाते मुलाला व्यसनाकडे लोटते तेच नाते कुटुंबाला चिकित्सालयापासून दूर ठेवते. म्हणून न येणे हे उपचारापूर्वीचे विघ्न नसून रोगाचेच एक लक्षण आहे, आणि उपचार पहिल्या बैठकीपासून नव्हे, पहिल्या दूरध्वनीपासून सुरू झाला पाहिजे. न येणाऱ्या कुटुंबांचे त्यांनी चार प्रकार ठरविले. काही घरांत मुलगाच सर्वांवर सत्ता गाजवीत असतो. तेथे उपचारकाने आईच्या परवानगीने थेट त्याच्याशी संधान बांधावे, त्याचा मान राखावा, आणि या बैठकींत त्याचेही काही गाऱ्हाणे दूर होण्यासारखे आहे हे त्याला पटवावे. काही घरांत दूरध्वनी करणारी आईच आतून ही रचना जपत असते. एका तोंडाने ती मदत मागते आणि दुसऱ्या तोंडाने ‘त्याला अभ्यास आहे, नको त्रास द्यायला’ असे म्हणते. तेथे तिला दोष न देता उपचारकाने इतरांना बोलावण्याची जबाबदारी तिच्या संमतीने स्वतःकडे घ्यावी. काही घरांत बाप तुटून बाजूला पडलेला असतो. तेथे पतीशी नव्या रीतीने कसे बोलावे याचे धडे आईला द्यावे. आणि काही घरांत कोणालातरी भय असते की तेथे गेल्यास एखादे जुने गुपित, परस्त्रीचे किंवा मद्यपानाचे, उघडे पडेल; त्या माणसाला हळूच आश्वासन द्यावे, की बैठकीचा विषय मुलगा आहे आणि त्या माणसाच्या मर्जीविरुद्ध काही उकरले जाणार नाही.

हा सिद्धान्त केंद्राने कसोटीला लावला. व्यसनी किंवा व्यसनाच्या संशयातील मुलांची १०८ कुटुंबे घेऊन त्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली; एका गटाला नेहमीच्या पद्धतीने आमंत्रण दिले, दुसऱ्याला या नव्या रीतीने. १९८८ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की नेहमीच्या रीतीने ४२ टक्के कुटुंबे उपचारास आली आणि नव्या रीतीने ९३ टक्के. आणि उपचार अखेरपर्यंत पुरा करणाऱ्यांचे प्रमाण एकीकडे २५ तर दुसरीकडे ७७ टक्के भरले. १९९६ साली सांतिस्तेबान यांनी १९३ कुटुंबांवर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा नव्या रीतीने ८१ आणि नेहमीच्या रीतीने ६० टक्के अशी तफावत कमी झाली. पण दिशा तीच राहिली. ज्याला आजवर रुग्णाचा दोष समजले जाई तो बऱ्याच अंशी चिकित्सालयाचा दोष होता, ही गोष्ट आकड्यांनी दाखवून देणे हे या केंद्राचे सर्वांत मोठे कार्य होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच विचाराची दुसरी फांदी अधिक साहसी होती. कुटुंब आलेच नाही, एकटा मुलगाच आला, तर? कुटुंबातील प्रत्येकाचे वागणे दुसऱ्याच्या वागण्याला बांधलेले असते, हे खरे असेल तर एकाने आपले वागणे बदलले असता बाकीच्यांना बदलल्यावाचून गत्यंतर राहू नये, या अनुमानावर त्यांनी एकाच व्यक्तीकरवी कुटुंबोपचार चालविण्याची रीत बांधली. आणि १९८३ व १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती संपूर्ण कुटुंबाच्या उपचाराशी तुलना करता फारशी उणी ठरली नाही. १९८९ साली शापोच्निक व कर्टिनेस यांनी या सर्व कार्याचे पुस्तक प्रसिद्ध केले.

स्वतःची परीक्षा

केंद्राच्या इतिहासात जे पर्व सर्वांत मोलाचे वाटते ते आत्मपरीक्षणाचे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते बारा वर्षांच्या ६९ मुलांपैकी काहींना कुटुंबोपचार, काहींना एकट्याचा मनोविश्लेषणात्मक उपचार आणि काहींना केवळ खेळांचा कार्यक्रम दिला गेला. मुलांच्या वागणुकीत दोन्ही उपचारांनी सारखीच सुधारणा झाली. म्हणजे आपली पद्धती श्रेष्ठ आहे असे ठणकावून सांगण्याची संधी केंद्राला मिळाली नाही, आणि तसे त्यांनी नमूद केले. परंतु वर्षभराने पाहता, ज्या मुलांना एकटे पाहिले होते त्यांच्या कुटुंबांची परस्परांशी वागण्याची रीत ढासळली होती, आणि ज्यांना कुटुंबासह पाहिले होते त्यांची सुधारली होती. मुलगा सुधारला आणि घर बिघडले, असा हा निष्कर्ष होता. ढासळलेल्या घरात सुधारलेल्या मुलाचे पुढे काय होईल, हा प्रश्न वाचकानेच स्वतःला विचारावा. घराची ही अवस्था मोजण्यासाठी बैठकींतील वर्तन पाहून गुण देण्याचे एक स्वतंत्र मापनही केंद्राने तयार केले; कारण ज्या गोष्टीवर उपचार करावयाचा ती मोजता आली नाही तर उपचाराचा दावा निराधार राहतो.

२००३ साली दोन गोष्टी घडल्या. राष्ट्रीय मादकपदार्थ संशोधन संस्थेने या पद्धतीची उपचार-पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि त्यामुळे ती मायामीच्या हद्दीबाहेर जाऊ शकली. आणि सांतिस्तेबान यांनी १२६ हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, कुमारांवर केलेल्या अभ्यासात समवयस्कांच्या गटातील बैठकींपेक्षा कुटुंबोपचाराने गांजाचे सेवन आणि वागणुकीतील बिघाड अधिक कमी झाल्याचे दाखविले. यानंतर जी परीक्षा झाली ती सर्वांत कडक होती. आठ ठिकाणच्या सामान्य चिकित्सालयांत, तेथल्याच उपचारकांना शिकवून, १२ ते १७ वर्षांच्या ४८० मुलांवर ही पद्धती वापरली गेली, आणि नेहमीच्या उपचाराशी तिची तुलना झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेला निकाल संमिश्र होता. कुटुंबे या पद्धतीने अधिक प्रमाणात आली आणि टिकली. आईबापांच्या मते घराचे वातावरण सुधारले. परंतु मुलांच्या मादक पदार्थांच्या सेवनाचा वर्षभराचा आलेख पाहता दोन्ही गटांत एकंदरीने फरक दिसला नाही, बाराव्या महिन्यात तेवढा थोडा फरक कुटुंबोपचाराच्या बाजूने आढळला. ज्या ठिकाणी उपचारकांनी पद्धती काटेकोरपणे पाळली तेथे फळ अधिक चांगले आले, असेही त्या नोंदींतून निघाले. म्हणजे विद्यापीठातील हातांनी जे साधते ते दूरच्या चिकित्सालयातील, कामाच्या भाराखाली दबलेल्या हातांना साधावयाचे तर शिक्षणाची आणि देखरेखीची वेगळी व्यवस्था लागते.

याच मुलांपैकी अनेकांचा तीन ते सात वर्षांनी पुन्हा माग काढला असता, कुटुंबोपचार मिळालेल्यांत अटक व कारावास यांचे प्रमाण कमी आढळले, मादक पदार्थांच्या सेवनात मात्र भेद नव्हता. आणि या उपचाराच्या वर्षात खुद्द आईबापांचे मद्यपानही कमी झाल्याचे दुसऱ्या एका लेखात नोंदविले गेले. मुलासाठी म्हणून आलेला बाप आपली बाटली कमी करून परत गेला, ही गोष्ट आकड्यांच्या कोष्टकात लहानशी दिसते. घरात ती लहान नसते.

आजचे स्वरूप

‘स्पॅनिश कुटुंब मार्गदर्शन केंद्र’ हे नाव आज इतिहासजमा झाले असून, ‘कुटुंब अध्ययन केंद्रा’चे कार्य क्यूबन कुटुंबांपुरते मर्यादित राहिलेले नाही, मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेली कुटुंबे आणि मायामीतील आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबे यांच्यावरही त्याच्या अभ्यासकांनी काम केले. इल्दा पान्तीन यांच्यासह शापोच्निक यांनी जो पुढील उपक्रम रचला, त्यात व्यसन लागण्यापूर्वीच शाळकरी मुलांच्या आईबापांचे गट भरवून, मुलांशी मादक पदार्थांविषयी आणि लैंगिक धोक्यांविषयी घरीच कसे बोलावे याची तयारी करून घेतली जाते. तेथे तज्ज्ञ मुलाशी फारसा बोलतच नाही, आईबापच शिकतात आणि घरी जाऊन शिकवतात. उपचाराचा भार तज्ज्ञाकडून घराकडे नेण्याची जी दिशा पहिल्या दशकात ठरली होती, तिचाच हा स्वाभाविक विस्तार आहे. पोट भरण्यासाठी परमुलखात गेलेल्या आणि मुलांच्या तोंडून परकी भाषा ऐकत म्हातारे झालेल्या मराठी आईबापांना या उपक्रमाची गरज समजावून सांगावी लागणार नाही.

अर्धशतकाच्या या जमाखर्चात जमेची बाजू मोठी आहे, पण ती निर्दोष विजयाची नाही, आणि केंद्रानेही तसा दावा केलेला नाही. व्यसनाधीन मुलाला त्याच्या घरासकट बरे करता येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर या संस्थेने ‘बऱ्याचदा, आणि काळजीपूर्वक केल्यास’ असे दिले आहे. ते उत्तर उत्साही प्रचारकांना निस्तेज वाटेल, परंतु ज्यांच्या घरात असा मुलगा आहे त्यांच्या दृष्टीने, न आलेल्या बापाला पुन्हा दूरध्वनी करणे हे चिकित्सालयाचे कर्तव्य आहे आणि निराशाजनक आकडे छापणे हेही कर्तव्यच आहे, असे मानणारी संस्था अधिक विश्वासार्ह ठरते. जी चिकित्सालये आजही न आलेल्या कुटुंबाचे कागद ‘अनिच्छा’ या शेऱ्याखाली दप्तरबंद करून ठेवतात, त्यांनी तो शेरा लिहिण्यापूर्वी आपण कोणाकोणाला, कशा शब्दांत आणि कितीदा बोलावले याची नोंद त्याच कागदावर करण्याचा नियम पाळला, तर मायामीच्या या केंद्राचा अनुभव त्यांच्याही उपयोगी पडेल.